काका, तुमच्या खाडाखोडीबद्दल

काकांना सप्रेम नमस्कार,

डिस्क्रीट मॅथ्सची केटी सुटली, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय अखेर निघाला. तोंडी सांगितलं तेव्हा नुसतं "छान" म्हणून तुम्ही पुन्हा पेपरात डोकं घातलंत, म्हणून आता लिहूनच सांगते.

डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं तर्काचं आणि मोजणीचं गणित, आम्हाला सेकंड इयरला, तिसऱ्या सेमिस्टरला. प्रोग्राम लिहिता येतो, आउटपुट बरोबर येतं, पण "सिद्ध करा" म्हटलं की पेन हलत नाही, अशी माझी गत. कॉलेजात सरांनी अख्खं युनिट स्लाइडवरून वाचून दाखवलं. शंका काढली की "हे तर ऑब्व्हियस आहे". क्लासवाल्यांनी फी घेऊन सल्ला दिला, "प्रूफ पाठ कर, मार्क कुठे जात नाहीत." आणि एका मॅडमनी वर्गासमोर विचारलं, "मराठी मिडियम का?" असो. त्यांची आठवण इतकीच पुरे.

कन्नमवार नगरच्या अभ्यासिकेत तुम्ही सकाळी पेपर वाचायला यायचात. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, एवढीच ओळख. माझ्या वहीतली ट्रूथ टेबलं, म्हणजे खरं-खोटंचे तक्ते, बघून एकदा म्हणालात, "हे तर आमचे रिले!" रिले म्हणजे विजेने चालणारे स्विच. दोन कॉन्टॅक्ट एकामागोमाग जोडले की अँड, दोन्ही चालू असले तरच करंट जातो; शेजारी शेजारी जोडले की ऑर, एक चालू असला तरी जातो. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९३७ मध्ये आपल्या थीसिसमध्ये हेच मांडलं होतं, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते हातांनी केलेलं होतं.

पण आभार त्याचे नाहीत. मी तुम्हाला सहा माणसांचं गणित दाखवलं त्या दिवसाचे आहेत. कुठल्याही सहा जणांत एकमेकांना ओळखणारे तिघे तरी सापडतात, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघे तरी, सिद्ध करा. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "अगं, मला नाही येत हे. दे इकडे, घरी बघतो." शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून "मला नाही येत" मी तोवर ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तर आणलंत, ते फेअर करून नव्हे. विजेच्या बिलाच्या पाठीमागे केलेलं सगळं रफ जसंच्या तसं माझ्या हातात दिलंत. ठिपका म्हणजे माणूस, ओळख असली तर निळी रेघ, नसली तर लाल. वर पाच ठिपके, बाहेरचा पंचकोन निळ्या पेनने, आतली चांदणी लाल पेनने: एका रंगाचा त्रिकोण कुठेच नाही, म्हणजे पाच माणसांत हे जमेलच असं नाही. खाली सहा ठिपके, पंधरा रेघा. रंगवायच्या एकूण तऱ्हा ३२,७६८ असा हिशेब, त्यातल्या आठ-दहा काढून बघितलेल्या, मग सगळ्यावर फुली आणि बाजूला तुमच्या बारीक अक्षरात "इथे फसलो". त्याखाली एकाच ठिपक्याभोवती गोल. त्या एका माणसापासून पाच रेघा निघतात, रंग दोनच, म्हणजे तीन रेघा तरी एका रंगाच्या. त्या तीन निळ्या धरा. त्यांच्या टोकांच्या तिघांत एक जरी निळी रेघ असली तरी निळा त्रिकोण झाला. नसली तर ते तिघेच लाल त्रिकोण. खेळ खलास!

पुस्तकात हे चार ओळींत आहे. त्या चार ओळी मी पाठ केल्या होत्या आणि विसरलेही होते. "इथे फसलो" मात्र परीक्षेतसुद्धा डोळ्यांसमोर होतं. एका वाटेने गेलो, अडलो, परत फिरलो, हे कुणी दाखवतच नाही हो. सगळे पोचल्यावरचा फोटो दाखवतात.

या शहरात चांगली माणसं कमी नाहीत. डबा विसरला तर आपल्यातली पोळी पुढे करणारी, नऊची लोकल चुकलेल्या पोरीला सेकंड क्लासात चौथी सीट करून देणारी, आणि अभ्यासिकेचे ते वॉचमन, जे परीक्षेच्या दिवसांत दिवे बंद करायला मुद्दाम उशीर करायचे. तरी स्वतःची खाडाखोड दुसऱ्याच्या हातात देणारं माणूस मला एकच भेटलं.

बिल परत मिळणार नाही, ते माझ्या फाइलमध्ये आहे. आणि एक बातमी. तिघांऐवजी चौघे हवे असतील तर सहाच्या जागी १८ माणसं लागतात, हे १९५५ मध्ये सिद्ध झालंय. पाच जणांसाठी किती लागतात, हे अजून कुणालाच नक्की काढता आलेलं नाही. रविवारी येते. पाठकोरे कागद काढून ठेवा, लाल पेन मी आणते.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची