पेटीच्या तळाची छिद्रे मृगाआधी तपासा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मृगाचे पहिले दोन पाऊस झाले की तालुक्याच्या गावी रिवायंडिंगच्या दुकानांपुढे जळालेल्या मोटारी येऊन पडतात. स्टार्टरच्या पेटीला हात लागून शॉक बसल्याच्या बातम्याही आपल्या पानांवर दर पावसाळ्यात असतात. मोटार जळाली की पहिला बोल व्होल्टेजला लागतो, आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण पेटी उघडली की बऱ्याच ठिकाणी तळाशी गंजाचे ओघळ दिसतात, टर्मिनलवर हिरवट भुकटी दिसते. ओलाव्याने कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) लोखंडी तोंडांवर गंज चढला की ती नीट चिकटत नाहीत, स्टार्टर घूं घूं करतो आणि कॉइल जळते. एका फेजचा पॉइंट काळा पडून सुटला तर मोटार उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि वायंडिंग जाते. टर्मिनलच्या पट्टीवर ओली धूळ बसली तर तिच्यावरून वीज झिरपत पेटीच्या पत्र्यापर्यंत येते. अर्थिंग कच्चे असेल तर तोच पत्रा माणसाला धरतो. हे पाणी बहुतेक वेळा केबलच्या वाटेने आत आलेले असते. त्या वाटेबद्दल, म्हणजे ग्लँड (छिद्रात केबल घट्ट धरणारी रबराची जोडणी), कंड्युट पाईप (केबल ज्यातून नेतात तो), चेकनट (ग्लँड आतून आवळणारा नट) आणि वॉशर यांबद्दल हे पत्र आहे.

पेटी घेताना दुकानदार आयपी ५५ किंवा आयपी ६५ असा आकडा दाखवतो. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा अंक ५ असेल तर ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीने, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच-तीन मीटर अंतरावरून सगळ्या बाजूंनी मारले तरी अपाय होईल इतके पाणी आत जात नाही. ही चाचणी कारखान्यातल्या पेटीची. शेतात आणल्यावर आपण तिला तीन-चार छिद्रे पाडतो. त्यातले एक जरी उघडे राहिले तरी तो आकडा कागदावरच राहतो.

अनेकांना वाटते की पाऊस सरळ छिद्रावर पडला तरच पाणी आत जाते. तसे नाही, पेटी ते आत ओढून घेते. मे महिन्याच्या उन्हात लोखंडी पेटीच्या आत ६० अंशांपर्यंत तापमान जाऊ शकते. दुपारी वळीव कोसळला की पत्रा झपाट्याने निवतो. आतली हवा ६० वरून २५ अंशांवर आली तर ती सुमारे दहा टक्क्यांनी आकसते. ६० बाय ४५ बाय २० सेंटिमीटरच्या पेटीत ५४ लिटर हवा मावते, म्हणजे पाच-साडेपाच लिटर बाहेरची दमट हवा आत शिरते. ती मिळेल त्या फटीतून येते आणि त्या फटीपाशी पाणी थांबलेले असेल तर तेही सोबत घेऊन येते. वरच्या छिद्राला चिकटपट्टी गुंडाळली असेल तर पट्टीखाली साचलेले पाणी असेच आत जाते.

म्हणून पहिला नियम असा, की उघड्यावरच्या पेटीला वरून छिद्र पाडायचे नाही. खांबावरून येणारी केबलसुद्धा पेटीच्या बाजूने खाली न्यावी, तळाच्या खाली १५-२० सेंटिमीटर झोळ द्यावा आणि मग वर वळवून तळातून आत घ्यावी. केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या खालच्या टोकाला गळून पडते. एवढ्या एका गोष्टीने निम्मे काम होते आणि तिला खर्च हातभर केबलचा. पेटीचा तळ जमिनीपासून कमरेच्या उंचीवर असावा, म्हणजे जमिनीवरून उडणारा चिखल ग्लँडपर्यंत पोहोचत नाही.

ग्लँड निवडताना चूक होते ती मापाची. दुकानात ‘चार एमएमच्या केबलचा ग्लँड द्या’ असे सांगितले जाते. ते माप तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेचे झाले. ग्लँडला काम पडते केबलच्या बाहेरच्या जाडीशी. ती जाडी व्हर्निअरने मोजावी. नायलॉनच्या ग्लँडची मापे पीजी आकड्यांत असतात. त्यांत पीजी ९ साधारण ४ ते ८ मिलिमीटर जाडीची केबल धरतो, पीजी ११ हा ५ ते १०, पीजी १३.५ हा ६ ते १२, पीजी १६ हा १० ते १४, पीजी २१ हा १३ ते १८ आणि पीजी २९ हा १८ ते २५. बनावटीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचून घ्यावा. आपली केबल त्या पट्ट्याच्या मधोमध बसली पाहिजे. अगदी खालच्या टोकाला बसणारी केबल पहिल्या दिवशी घट्ट वाटते, पण एका उन्हाळ्यात रबर आखडले की ढिली होते. आणि एका ग्लँडमधून एकच केबल. दोन गोल केबली शेजारी-शेजारी घातल्या की त्यांच्यामध्ये जी तिकोनी फट राहते, ती कितीही आवळली तरी बुजत नाही.

मराठवाड्यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बोरच्या मोटारीच्या चपट्या केबलचा. सबमर्सिबलची तीन तारांची केबल चपटी असते, तिची रुंदी जाडीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. ती गोल ग्लँडमध्ये घातली तर दोन कडा दाबल्या जातात आणि दोन्ही सपाट बाजूंना नखाएवढी फट उरते. मुंग्या, कुंभारीण माशी आणि धूळ तिथूनच जातात, पाणीही तिथूनच जाते. छिद्र त्याहून मोठे राहिले तर पाल आत शिरते. ती कॉन्टॅक्टरच्या दोन फेजमध्ये चिकटून जळाली की आख्खा स्टार्टर काळा पडतो. त्या फटीवर साधी काळी चिकटपट्टी गुंडाळून केबल ‘गोल’ करण्याची पद्धत आहे. उन्हात तिचा डिंक पातळ होऊन पट्टी सरकते आणि महिन्या-दोन महिन्यांत फट पुन्हा उघडते. चपट्या भोकाचे रबर असलेला ग्लँड मिळतो, तो मागून घ्यावा. न मिळाल्यास बोरच्या तोंडाशी आयपी ६५ ची लहान जंक्शन पेटी बसवून चपटी केबल तिथे संपवावी आणि तिथून स्टार्टरपर्यंत गोल केबल न्यावी. चपट्या केबलचे वरचे आवरण सोलून सुट्या तीन तारा एका ग्लँडमधून नेणे हा उपाय नव्हे. तीन तारांमधली फट तर राहतेच, वर आवरणही जाते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर अशा दोन चपट्या केबली येतात, तेव्हा छिद्रेही दोन हवीत.

छिद्र पाडण्याआधी पुरवठा बंद करावा आणि ऑटो स्विच (वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा) काढून ठेवावा. तीन फेजची लाईन पाळीने येते. ऑटो चालू राहिला तर हात पेटीत असताना मोटार सुरू होऊ शकते. डीपीवर (रोहित्राच्या खांबावर) स्वतः चढू नये. तळाची ग्लँडप्लेट चार स्क्रू काढून बाहेर घ्यावी आणि छिद्रे बाहेरच पाडावीत. पेटी जागेवर ठेवून ड्रिल मारले तर लोखंडाचा कीस कॉन्टॅक्टरमध्ये पडतो. छिद्रासाठी होल सॉ वापरावा. छिन्नीने ठोकून वेडेवाकडे केलेल्या छिद्रावर कोणताही वॉशर बसत नाही. पीजी १३.५ ला सुमारे २०.५ मिलिमीटरचे छिद्र लागते, पीजी १६ ला २२.५ आणि पीजी २१ ला २८.५. कडा गोल कानशीने घासून त्यावर लाल ऑक्साईड किंवा झिंकचा प्रायमर लावावा, कारण गंज कापलेल्या कडेपासून सुरू होतो.

मग रबरी वॉशर पेटीच्या बाहेरच्या बाजूला, ग्लँडच्या खांद्याखाली, आणि चेकनट आत. हा क्रम उलटा झालेला वारंवार दिसतो. वॉशर आत बसला तर पाणी पत्रा आणि ग्लँड यांच्यामधून आट्यांवरून खुशाल आत येते. ग्लँडचा खांदा एका पान्याने धरून चेकनट दुसऱ्याने आवळावा. एकाच पान्याने आवळल्यास अख्खा ग्लँड फिरतो आणि वॉशरला चुणी पडते. केबलची टोपी सर्वांत शेवटी. ग्लँडच्या खाली केबल दहा सेंटिमीटर तरी सरळ असावी. लगेच वाकवली तर रबरावर एकाच बाजूने दाब येतो. उरलेल्या छिद्रांना आट्यांचा प्लग वॉशरसकट लावावा. कागदाचा बोळा, चिंधी, शेणमाती यांतले काहीही चालत नाही.

खांबावरून येणारी केबल आर्मर (आवरणातले पोलादी तारांचे चिलखत) असलेली असेल तर नायलॉनचा ग्लँड नको. पितळेचा, तोही डबल कॉम्प्रेशनचा (केबलला दोन ठिकाणी आवळणारा) घ्यावा. सिंगल कॉम्प्रेशन कोरड्या जागी ठीक. आर्मरच्या तारा कोनावर सारख्या पसरून रिंग बसवावी. ग्लँडखाली अर्थची पट्टी घालून तिची तार पेटीच्या अर्थ बोल्टपर्यंत न्यावी. रंगाच्या थरावर ग्लँड नुसता आवळून आर्मर अर्थ झाले असे धरू नये, रंग वीज अडवतो.

आता पाईपचे. कंड्युट म्हणजे पाणी अडवणारी वस्तू, असा समज आहे. प्रत्यक्षात वर तोंड उघडे असेल तर तो पन्हाळीसारखे काम करतो आणि खांबावरचे पाणी सरळ पेटीत आणून ओततो. वरचे तोंड बेंडने खाली वळवावे. पेटीकडचे तोंड केबलभोवती लिंपणाच्या पुट्टीने बुजवावे आणि पाईपच्या सर्वांत खालच्या ठिकाणी ५-६ मिलिमीटरचे एक छिद्र पाणी निथळायला ठेवावे. झाकणाचे बेंड आणि टी उघड्यावर टाळावेत. नुसता फिमेल सॉकेट आणि बुश लावून पाईप पेटीला जोडला तर तो जोड पाणी धरत नाही. वॉशर बसणारा ॲडॉप्टर लागतो. पीव्हीसी उन्हाने वाढते. तीन मीटरचा पाईप ४० अंशांच्या फरकाने आठ-साडेआठ मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोके सोल्युशनने पक्की चिकटवली असतील तर तो मधे कमान करतो किंवा ॲडॉप्टर उपटतो. म्हणून लांब ओळीत एक सरकता जोड ठेवावा. सॅडल (पाईप धरणारी पट्टी) दर ६० सेंटिमीटरला. केबलींनी पाईपची पोकळी चाळीस टक्क्यांहून जास्त भरू नये. ठिबकची काळी नळी कंड्युट म्हणून वापरतात. ती उन्हाला टिकते हे खरे, पण ती पॉलिथिनची असते आणि पेट घेते. पीव्हीसी ज्योत काढली की विझते. लोखंडी उघडा फ्लेक्झिबलही पाणी अडवत नाही, वर पीव्हीसीचा थर असलेला घ्यावा.

आपल्या काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे आणि ती बाहेरच्या भागातल्या माहितीपत्रकांत सापडत नाही. उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. जमिनीतला कंड्युट जोडावर सुटतो, आणि पेटीला कडक पाईपने बांधलेली केबल ग्लँड वाकवते. म्हणून जमिनीखाली मधे जोड नसलेला एचडीपीई पाईप एकसंध न्यावा. वर काढताना केबलला फूटभर सैल ठेवावे आणि शेवटचा हातभर भाग थर असलेल्या फ्लेक्झिबलचा करावा. स्टँडचे पाय दोन फुटांहून खोल घालून भोवती मुरूम भरावा. कललेल्या स्टँडमुळे पेटीचे दार पिळले जाते आणि दाराचे गॅस्केट एका कोपऱ्यात सुटते.

सगळे बंद केल्यावरही आत दव धरते, म्हणून तळाला एक ब्रीदर-ड्रेन प्लग लावावा. तो हवा सोडतो, पाणी निथळू देतो आणि किडा अडवतो. फटींना सिलिकॉन लावायचेच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे नको. त्यातले आम्ल तांब्या-पितळेला खाते. ‘न्यूट्रल’ लिहिलेले घ्यावे, आणि ते वॉशरच्या ऐवजी लावू नये. शेवटी तपासणी. पुरवठा पूर्ण तोडून, रात्री मोबाईलचा टॉर्च आत पेटवून दार लावावे आणि बाहेरून उजेड कुठे झिरपतो ते पाहावे. नंतर तळाशी वर्तमानपत्राचा कागद पसरून पाईपने तीन मिनिटे चारी बाजूंनी पाणी मारावे. कागदावर डाग कुठे पडला त्यावरून चुकार छिद्र लगेच सापडते. आत पाणी दिसले तर ते पुसून पेटी पूर्ण वाळल्याशिवाय पुरवठा जोडू नये.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून आता सौर कंट्रोलर बसत आहेत. तिथे जास्त जपावे. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसीची सहज तुटत नाही. शिवाय ऊन आहे तोवर पॅनलकडून येणाऱ्या तारा जिवंतच असतात. चार चौरस मिलिमीटरच्या सौर केबलीला प्रत्येकी एक पीजी ९ पुरतो. दोन तारा एकाच ग्लँडमध्ये घालू नयेत.

ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची पेटी आणि चौकातला दिव्यांचा पॅनल यांनाही हेच लागू आहे. आपल्यामार्फत आमची विनंती आहे की त्या कामांच्या अंदाजपत्रकात पेटीच्या आयपी आकड्याखाली ग्लँड, ब्लँक प्लग आणि ब्रीदर यांची नग-संख्या स्वतंत्र ओळीत लिहावी. काम ताब्यात घेणाऱ्याने पेटीचे दार उघडण्याआधी खाली वाकून तळ पाहावा, आणि कागद ठेवून पाणी मारल्याशिवाय सही करू नये.

आपले,
शेतपंप व पॅनल जोडणीचे काम करणारे परवानाधारक वायरमन,
जि. परभणी