शेरू काही करत नाही

कवळे, फोंडा
26 सप्टेंबर 2025

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्याकडच्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचा फोटो मिळाला. उत्तर दिलं नाही, रागावला असशील. त्याच आठवड्यात आमचा शेरू एका पोराला चावला होता, कुत्र्याच्या फोटोकडे बघवत नव्हतं. त्या पोराचं शेवटचं इंजेक्शन काल झालं, म्हणून आज लिहायला बसलो.

चवथीचा दुसरा दिवस, 28 ऑगस्ट. आमचा गणपती दीड दिवसाचा, तुला ठाऊकच आहे. विसर्जनाची गडबड, वाड्यावर फटाके. तुझ्या सुमनवहिनीच्या शाळेतल्या बाई दर्शनाला आलेल्या, सोबत नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा. शेरूला मागीलदारी बांधून पुढ्यात भात ठेवला होता. पोरगा हातात नेवरी, म्हणजे करंजी, घेऊन मागे कधी सटकला, कळलंच नाही. शेरूला द्यायलाच गेला असणार. किंकाळी ऐकून धावलो, तर उजव्या हाताला कोपराखाली चार दात रुतलेले आणि रक्त.

आई हळदीचा डबा घेऊन आली. मी तिच्यावर ओरडलो. एरवी मी तिच्यापुढे आवाज चढवत नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली. रडणाऱ्या पोराचा हात धरून उभं राहिलं की पंधरा मिनिटं संपता संपत नाहीत. मग सरकारी दवाखाना. रक्त आलं म्हणजे रेबीजच्या धोक्याची तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी, म्हणून जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शिवाय लस : त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मी शेरूचं लसीचं कार्ड ऐटीत पुढे केलं. डॉक्टर म्हणाले, ते असू द्या, मुलाला द्यायचं ते द्यावंच लागेल आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. 7 सप्टेंबरपर्यंत मी पहाटे उठून आधी शेरू पाणी पितो का ते बघायचो, देवपूजा नंतर.

पोराचा बाप त्या दिवशी काहीच बोलला नाही. त्याच गप्प बसण्याला घाबरून मी पणजीच्या आपल्या विन्याला गाठलं. तू त्याला चेष्टेत घेतोस, पण वकील चांगला झालाय. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "याआधी कधी कुणाच्या अंगावर गेला होता?" मी 'नाही' म्हणणार, तोच सुमन म्हणाली, "गेल्या वर्षी पाव विकणाऱ्या पदेराची पँट फाडली होती. आणि ताटाजवळ गेलं की गुरगुरतो."

विन्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, सगळं इथेच अडतं. कुत्रा अंगावर जातो हे मालकाला माहीत होतं का? माहीत असून बंदोबस्त केला नसेल, तर भरपाईच्या दाव्यात बचावाला फारसं काही उरत नाही. फौजदारीतही भारतीय न्याय संहितेचं 291 कलम आहे, जुन्या 289 च्या जागचं. ताब्यातल्या जनावरापासून जिवाला किंवा गंभीर इजेला धोका संभवत असताना जाणूनबुजून किंवा हयगयीने काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी म्हटलं, पोरगा न विचारता मागे गेला, त्याचं काय? तो हसला. सहा वर्षांच्या मुलाच्या माथी कोर्ट सहसा दोष मारत नाही. शिवाय अल्पवयीन मुलाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजायला लागतात. म्हणजे आज बापाने सोडून दिलं तरी उद्या पोरगा उभा राहू शकतो. आणि फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी? ती उलट सांगते की तुला माहीत होतं!

पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 साली दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार रुपये ठरवले, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते मोकाट जनावरांचं, सरकारकडून मिळायच्या भरपाईचं, तुझा त्याच्याशी संबंध नाही, असं विन्याने सांगितलं. तरी चार खुणांचे चाळीस हजार हा हिशेब रात्री डोक्यातून जाईना. घराच्या विम्याचे कागद काढून पाहिले. आग आहे, चोरी आहे, पाहुण्याला झालेली इजा नाही. तो भाग वेगळा घ्यावा लागतो, आणि मी तो घेतला नव्हता.

खरं सांगू? गेल्या वर्षी ऑगस्टात हणजूणला (अंजुनाला) पिटबुलने सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, तेव्हा घरापुढच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, बसून मीच म्हणालो होतो, असली जनावरं पाळतातच कशाला. आमचा गावठी, जातीचं ना नाव ना गाव. पदेराच्या पँटची गोष्ट तर आम्ही पाहुण्यांना हसत सांगायचो.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पाकीट पुढे केलं, ते बापाने मागे सारलं. "पैशांचं नंतर बघू. तुमचा कुत्रा असा आहे हे आम्हाला दारातच का नाही सांगितलं?" काय उत्तर देणार? गाडीभाडं आणि औषधांचा खर्च त्याने नंतर घेतला, एक पै जास्त नाही. पोलिसात गेला नाही. सुमनशी त्या बाई शाळेत बोलतात, पण पूर्वीसारखं नाही.

मागीलदारी आता कडीचं दार बसवलंय. शेरूचं ताट त्याच्या आत, आणि पाहुणे असले की शेरूही आत.

तुझ्या पिल्लाला आत्तापासून कुणी ताटाजवळ हात नेला तरी चालेल अशी सवय लाव, आणि ते कधी गुरगुरलं तर हसू नकोस. दिवाळीत येणार म्हणतोस, जरूर ये. पण फोंड्याला पोचलास की फोन कर, शेरूला आत घालायला वेळ मिळेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगंबर