फोन ठेवलास ते बरं केलंस

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. परवा मूल होण्यासाठी डॉक्टरांनी सुचवलेला नवा उपाय सांगताना मधेच फोन ठेवलास, बरोबरच केलंस. "म्हणजे केमिकल घालून मूल?" असं मी बोलायला नको होतं. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाने तर नाहीच.

रात्री जुनी वही काढली. 1899 साली जॅक लोब यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी क्षार बदललेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवली आणि ती शुक्राणूविनाच वाढू लागली. हे मी शिकवलं त्या दिवशी तुझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसली होतीस. "मग बाबा कशाला लागतो?" असं विचारलंस. सगळा वर्ग हसला.

तुझे डॉक्टर आयनोफोर नावाचं रसायन वापरू म्हणतात, ते त्याच वाटेवरचं. शुक्राणूसोबत पीएलसी झीटा नावाचं प्रथिन आत येतं, त्याच्यामुळे बीजांडातलं साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि थबकलेलं बीजांड पुढे सरकतं. सुईने शुक्राणू आत सोडूनही तुझी अकराच्या अकरा बीजांडं सकाळी जशीच्या तशी होती. बहुधा हा निरोपच पोचला नसावा. आयनोफोर बाहेरून तेच कॅल्शियम वाढवतं. शुक्राणू लाटांमागून लाटा उठवतो, याची एकच मोठी लाट. पण कित्येकदा तेवढी पुरते. काही मिनिटं द्रावणात ठेवायचं, मग धुऊन घ्यायचं. दोष कुणाचाच नाही, हे तुझ्या नवऱ्यालाही सांग. हल्ली तो माझ्याशी खाली बघून बोलतो.

अशा मुलांमध्ये आतापर्यंत वावगं काही आढळलेलं नाही, पण तपासलेली मुलंच थोडी आहेत. हे नीट विचारून घे, सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाच, घाईत मान डोलवू नकोस, आणि... सुरू झालं बघ माझं. माफ कर.

औषध बीजांडाला, बीजांडं वाढवायची इंजेक्शनं मात्र पुन्हा तुलाच. मागच्या वेळी पोट इतकं फुगलं की दोन रात्री खुर्चीत बसून काढल्यास. आई उशा लावत होती आणि मी नुसता दारात उभा. पोटाचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. त्या दोन रात्रींचं डॉक्टरांना सांगितलंस ना? डोस कमी करता येईल का, विचारलंस?

तू मागच्या बाकावरून जशी विचारायचीस, तसंच विचार. तेव्हा मला राग यायचा, आणि घरी येऊन आईला कौतुकाने सांगायचो.

तारीख ठरली की कळव. बोलावंसं वाटलं नाही तर मेसेज कर. ती खुर्ची आत टाकायला आई सांगतेय. मी अजून खिडकीपाशीच ठेवलीय.

तुझा,
बाबा