मिशीला व्हॅसलीन लावून समुद्रात

क्वात्र बोर्न, मॉरिशस
२३ नोव्हेंबर

प्रिय बाबल्या,

व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या असत्या तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र. वहिनींना म्हणावं चहा टाका, थोडा वेळ लागेल.

काल मी स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे समुद्रात तोंड घातलं. हसू नकोस मेल्या. दर मे महिन्यात मालवणात आलो की तू दांडीच्या किनाऱ्यावरनं मला होडीत घालून नेतोस, 'उतर रे' म्हणून ओरडतोस आणि मी वर बसून पर्यटकांच्या चपला राखतो. पोहायला आपण दोघंही एकाच दिवशी शिकलो, पण पाण्याखाली डोळे उघडायचं धाडस मला कधी झालं नाही. काल साठी उलटल्यावर, तेही परक्या मुलखात, ते झालं. कारण एवढंच, की लेकीने पैसे आधीच भरले होते आणि ते परत मिळणार नव्हते.

होडी कॅटमरान. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेले ओंडके. आता ओंडका औषधालाही नाही. दोन लांबलचक पांढऱ्या होड्या शेजारी शेजारी, वरून एकच डेक, आणि पुढे दोघींच्या मध्ये जाळं ताणलेलं. त्या जाळ्यावर पोरंटोरं पालथी पडून खालचं पाणी बघत येतात. आपल्या होडीला तोल सांभाळायला एका बाजूला उलांडी असते ना, तसं इथे उलांडीच्या जागी दुसरी होडीच. त्यामुळे डुलत नाही. आमच्या सौ.ला एसटीत फोंडाघाट उतरताना लागते, तिने काल दिवसभर गातो पिमाँ खाल्ले. गातो पिमाँ म्हणजे आपला डाळवडाच, फक्त गोल आणि लहान.

बेटाच्या आग्नेयेला ब्लू बे म्हणून जागा आहे, २००० सालापासून राखीव सागरी उद्यान. जवळजवळ सगळ्या बेटाभोवतीच प्रवाळाची भिंत आहे. किल्ल्याबाहेरची खडपं लाटा अंगावर घेतात आणि आत बंदरात होडी निवांत उभी राहते, तोच प्रकार. पण ही भिंत जिवंत आहे. लांबवर पांढरा फेस फुटताना दिसतो, आवाजसुद्धा येतो, आणि आपण उभे असतो तिथे पाणी तळ्यासारखं.

आमचा वाटाड्या पंचविशीतला पोरगा. आम्ही आपसांत बोलत होतो ते ऐकून म्हणाला, "तुम्ही मराठी आहात काय?" इतकं पुस्तकी, की क्षणभर मला उत्तर सुचेना. त्याच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून ऊसमळ्यात आलेले, मराठी हा शाळेत शिकला, घरी क्रेओल बोलतात. पण गणेशचतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने दोनदा सांगितलं.

आता मिशीचं. तो पाण्याखालचा, नाक झाकणारा चष्मा लावून तोंड घातलं, तर पाणी सरळ नाकात. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पोराने माझ्याकडे बघितलं, खिशातून व्हॅसलीनची डबी काढली आणि माझ्या मिशीला चोपडली. केसांवर रबराची कड बसत नाही, फटीतून पाणी झिरपतं म्हणे. तू एवढी वर्षं लोकांना उतरवतोस, आणि तुझी स्वतःची मिशी माझ्याहून दाट, मग हे मला कधी का नाही सांगितलंस?

चष्मा बसला, पण श्वास बसेना. तोंड पाण्यात गेलं की अंग श्वास घ्यायचंच नाकारतं. नळी तोंडात आहे, हवा येतेय, तरी छाती तयार नाही. शिडी धरून तीनचार मिनिटं लोंबकळलो. मग कधीतरी स्वतःचाच आवाज ऐकू आला, म्हातारा घोरतोय तसा, आणि त्या आवाजाच्या नादात हात सुटला.

मला वाटलं होतं खाली शांत असेल. कसलं शांत! चुलीत मीठ टाकल्यावर तडतडतं तसा आवाज, सगळीकडून, थांबतच नाही. बारीक कोळंबीसारखे जीव नांगी वाजवतात त्याचा, असं पोराने नंतर सांगितलं. त्यात मधूनच करकर. ते हिरवेनिळे पोपट मासे. खडक दातांनी खरवडून शेवाळ खातात, आणि पोटात गेलेला प्रवाळाचा चुरा मागून वाळू होऊन बाहेर. समोर ती पांढरीशुभ्र पुळण दिसत होती, तिच्यातली कितीतरी त्यांच्या पोटातून आलेली. मी मालवणी माणूस, मासा दिसला की तिखलं आठवतं. काल आठवलं नाही. एक लांबोडका मासा उभा, शेपटी वर, काठी होऊन थांबला होता. त्याच्याकडे मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे.

सगळंच सुंदर नव्हतं. काही झाडोऱ्यासारखी पोवळी पांढरीफटक होती, काहींवर मातकट शेवाळ चढलेलं. पाणी तापलं की पोवळ्याच्या अंगात राहून त्याला खाऊ घालणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर पडतं; मग रंगही जातो आणि अन्नही.

वर आल्यावर पोराने शेजारचा पँत देस्नीचा किनारा दाखवला. २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' नावाचं जहाज तिथेच भिंतीवर चढलं, आणि ऑगस्टमध्ये साधारण हजार टन तेल सांडलं. गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि पाण्यात सोडल्या. त्याची आईही शिवायला होती, महिनाभर नखांतला काळा रंग गेला नाही म्हणाला. घरी बोलायला मोबाईलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणलं होतं, असं चौकशीत निघालं. कप्तान भारतीय. हे सांगताना तो थोडा थांबला, मी पाण्याकडे बघत राहिलो.

आणि आता तुझ्याशी भांडण. डेकवर एका बाईने पाव काढून माशांना टाकायला घेतला, तर ह्या पोराने हात धरला. गोड बोलून, पण धरला. पावाची चटक लागलेला मासा खडकावरचं शेवाळ खायचं सोडतो, मग ते शेवाळ पोवळ्यावर चढतं. होडीही नांगर टाकून नाही, कायमच्या बांधलेल्या बोयाला दोर अडकवून उभी होती. मला सारखी तुझी ती बिस्किटं-पावाची पिशवी दिसत होती. माहीत आहे, तू म्हणशील, मासे जमले नाहीत तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जातं, डोंबिवलीत पेन्शन खाणाऱ्याने शिकवू नये. बरोबर आहे. पण आपल्याकडेही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे ना रे, आणि पोवळी तीच.

१८ डिसेंबरला मुंबईत उतरतो. दोन दिवसांनी तुतारीने कुडाळ. एका सकाळी गिऱ्हाईक घेऊ नकोस, आपण दोघंच जाऊ, भरती बघून तूच वेळ ठरव. पिशवी घरी ठेव. मिशी मी काढणार नाही, व्हॅसलीनची डबी घेऊन येतोय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुऱ्या