त्या माउल्यांचे मनापासून आभार

नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला लेकरासकट घराबाहेर काढलं. तेव्हा भुसावळच्या चर्चमधल्या तुम्ही तिघी-चौघी रोज संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीवर येत राहिलात. एकीच्या पदराखाली फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी, अजून गरम, वर ठेचा. खोदून खोदून कोणी काही विचारलं नाही. लाइट गेली तरी मेणबत्ती लावून आपण येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचो. ऋण्यांना ऋण सोडल्याच्या, म्हणजे आपलं वाईट करणाऱ्यांना क्षमा केल्याच्या ओळीशी माझा आवाज अडायचा. तेवढी ओळ तुम्ही माझ्या वाटची म्हणायचात. एका रात्री ती माझ्याच तोंडून निघाली. कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. (अन्याय झालाच होता, तो मी विसरले नाही.) नावं लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. रविवारी भरीत घेऊन येते.