सुई नवी होती, पण बाटलीचं काय?

माननीय संपादक,

जिममधल्या स्टिरॉइड इंजेक्शनांच्या मालावर धाड पडली की बातमी येते, त्यात हार्ट, लिव्हर, किडनी सगळं असतं, पण इन्फेक्शनबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहितेय. मी सर्जरी वॉर्डात स्टाफ नर्स आहे, अशी इंजेक्शनं टोचून घेतलेली पोरं आमच्याकडे येतात. कुल्ल्यावर नाहीतर दंडावर लालबुंद टणक गाठ, अंगात ताप, धड बसता येत नाही. चिरा दिला की वाटीभर पू निघतो आणि मग रोज त्या खड्ड्यातून जुना गॉज ओढून काढायचा नि नवा भरायचा, तेव्हा शंभर किलो उचलणारा मुलगा कॉटची दांडी धरून रडतो.

विचारलं की म्हणतात, सिस्टर, सुई नवीनच होती. अरे पण बाटलीचं काय? यातला कितीतरी माल कुठल्या औषध कंपनीचा नसतोच, पावडर मागवायची, तेलात मिसळायची, बाटलीत भरून सील दाबायचं आणि वर होलोग्रामचं चकचकीत लेबल. मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर नाही, कारखान्याचा पत्ता नाही. खऱ्या कंपनीत असं औषध जंतू अडवणाऱ्या 0.22 मायक्रॉनच्या बारीक फिल्टरमधून गाळतात, क्लीन रूममध्ये भरतात, मग टेस्ट करतात, ते इथे कोण करणार? अमेरिकेत 2012 साली एका लायसन्सवाल्या फार्मसीने बनवलेल्या पाठदुखीवरच्या स्टिरॉइड इंजेक्शनात बुरशी निघाली, साडेसातशेच्या आसपास लोक आजारी पडले, साठहून जास्त गेले. तिथे निदान नोंदी होत्या म्हणून पेशंट शोधून काढता आले, इथे कोणाला विकलं याची कुठे नोंद?

त्यात 10 एमएलची बाटली चौघांत, वापरलेली सुई परत त्याच बाटलीत गेली की हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका सगळ्यांनाच. सी वर तर लसही नाही.

मुलांनो, हात जोडून सांगते, डॉक्टरपाशी खरं बोला. बरेच जण बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन घेतलं म्हणून सांगतात. पण पाण्यात सापडणारे टीबीच्या जातकुळीतले काही जंतू अशा इंजेक्शनमधून आत गेले तर गाठ कधीकधी कित्येक आठवड्यांनी येते, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, पू वेगळ्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या टेस्टला, पाठवावा लागतो आणि औषधं महिनोन्महिने चालतात. काय टोचलं तेच माहीत नसेल तर डॉक्टर ती टेस्ट लिहिणार कशी? आणि गाठ घरी दाबू नका, जिममधल्या कोणाकडून सुईने पू काढून घेऊ नका.

आपल्या राज्याच्या एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, एकच विनंती, जप्त केलेल्या मालात औषध किती आहे तेवढंच बघू नका, त्यात जंतू आहेत का याचीही टेस्ट करा आणि रिपोर्ट बाटल्यांच्या फोटोसकट पेपरात द्या, म्हणजे तो प्रत्येक जिमच्या भिंतीवर लावता येईल.

– एक स्टाफ नर्स, पुणे