दसऱ्याच्या आधी मदत हवीये, आपल्या रविवारच्या हिशोबाच्या वर्गासाठी

सप्रेम नमस्कार मंडळी,

मेसेज लांबलाय, माहितीये, पण पूर्ण वाचा. गेल्या वर्षी याच कामासाठी लिहिलं तेव्हा ग्रुपवर 41 अंगठे आले, जोडलेले हात चार-पाच, आणि पैसे दोन घरांतून. असो. (गणपतीच्या साउंडची वर्गणी पाच दिवसांत जमली होती, एवढं बोलून मी गप्प बसतो.)

पर्वती पायथ्याला आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी कर्जाच्या हिशोबाचा वर्ग चालतो हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. चौथं वर्ष चालू आहे. तो उभा राहिला आपल्या बँकवाल्या आजोबांमुळे, अख्खी नोकरी कर्ज खात्यात काढलेली, आता वय 76, गुडघे बोंब मारतात तरी एक रविवार चुकवला नाही, आणि फळा स्वतःच पुसणार, दुसऱ्याने पुसलेला त्यांना चालत नाही. गिरणीवाल्या काकांनी तीन वर्षं खोलीचं लाइट बिल भरलं आणि पावतीवर नाव नको म्हणाले. झेरॉक्सवाल्या ताईंनी पहिल्या वर्षी सगळी कागदं फुकट काढून दिली, वर स्टेपलही मारून. अमृततुल्यवाल्यांचा चहा तर विचारूच नका, वर्गाला येणाऱ्यांपैकी निम्मे चहासाठी येतात असं आजोबाच म्हणतात. आणि आपले रिक्षावाले दादा, मोबाइलवरच्या लोन ऍपच्या फेऱ्यातून सुटल्यावर 501 रुपये घेऊन आले, सगळ्या दहा-दहाच्या नोटा आणि वर एक रुपयाचं नाणं. ती पावती फाडताना माझाच हात जड झाला होता.

हे सगळं कशासाठी, तर मागच्या श्रावणातलं सांगतो. पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक मावशी आल्या, क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट भाजीच्या पिशवीत, तेलाचा डाग पडलेलं. म्हणाल्या दर महिन्याला वेळेवर 2,000 भरते, कार्ड वापरणं कधीच बंद केलंय, तरी 40,000 हलत का नाहीत? आजोबांनी फळ्यावर मांडलं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 1,400, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 252, झाले 1,652, म्हणजे मुद्दलातून फिटले फक्त 348. मावशी बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "आणि मला वाटायचं मिनिमम भरलं की झालं." कोणी काही बोललं नाही, कारण खोलीतल्या आणखी तिघांच्या खिशात तसलंच कार्ड होतं.

आता दसरा-दिवाळीच्या ऑफर सुरू होतील. 60,000 चा टीव्ही, 12 टक्के फ्लॅट, महिना फक्त 5,600. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं पण व्याज वर्षभर अख्ख्या साठ हजारावर, म्हणून खरा दर पडतो साडेएकवीसच्या आसपास. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांना एक माहितीपत्रक सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर लिहावा लागतो, पण ते मागायचं असतं हे किती जणांना माहिती? वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, लोन ऍपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी नाही, बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 या नंबरवर फोन करून विचारायचं, बिनलायसन सावकाराची तक्रार 2014 च्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे करायची, हे सगळं आम्ही सांगतो, पण लोक येतात सही करून झाल्यावर. आम्हाला ते आधी यायला हवेत. आजोबा नेहमी सुपे गावाची गोष्ट सांगतात, आपल्याच पुणे जिल्ह्यात मे 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढून जाळले. ऍप काही जाळता येत नाही, म्हणतात, तेव्हा वाचायला शिका.

म्हणून यंदा साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात 16 पानी पुस्तिका छापून घरोघर द्यायची आहे. 2,000 प्रती, 14 रुपयांप्रमाणे 28,000. जुना प्रोजेक्टर 15,000 ला मिळतोय (आधीचा पावसात गेला, छत गळतं हे तीन मीटिंगमध्ये सांगून झालंय). बॅनर आणि किरकोळ 5,000. एकूण 48,000, जमलेत 6,500.

चेक मंडळाच्या नावाने, कॅश फक्त खजिनदार वहिनींकडे संध्याकाळी 6 ते 8, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, 80जी आपल्याकडे नाही त्यामुळे टॅक्समध्ये सूट मिळणार नाही, क्यूआर दारावर लावलाय पण ओला झालाय, उद्या नवीन लावतो. शनिवारी दुपारी तक्रारीचे फॉर्म भरून द्यायला चार-पाच जण हवेत, मराठी टायपिंग येत असेल तर फारच छान. प्रेसवाले निम्मे पैसे आधी मागतायत आणि घटस्थापनेच्या आत प्रती हातात हव्यात, तेव्हा या आठवड्यात द्या. अंगठा नंतर टाका.

आपला,
चिटणीस